केरळ ट्रिपसाठी घरून जोडकाम: खान्देशी पदार्थांच्या ऑर्डर घेतल्या तर जमेल का?

नाशिकची_मनू

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं झालंय पण वाचा प्लीज.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. घरात पाच जण, मी, मिस्टर, सासूबाई (वय ६८), मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत. मिस्टर अंबड एमआयडीसीत आहेत. घराचा हप्ता, शाळेच्या फिया, आईंची बीपीची औषधं हे सगळं पगारातून नीट निघतं, कुणाचं देणं नाही, पण महिनाअखेरीला बाजूला म्हणून काही राहत नाही. लग्नाला पंधरा वर्षं होत आली आणि पाचही जण मिळून असे फिरायला आम्ही कधी गेलोच नाही. गावाला जातो, लग्नांना जातो, शेगाव-पंढरपूर झालं, पण चार दिवस कुणाच्या घरी उतरायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही, असं कधीच नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत केरळला जायचं असं आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंय. मुलीने भूगोलात बॅकवॉटर वाचलं तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे आणि आईंनाही मी विचारलं तर त्या म्हणाल्या मला त्या नावेत बसायचंय. म्हणजे आता जायचंच. ट्रेनने जाऊन साधं राहिलो तरी ७०-७५ हजार लागतील असा माझा अंदाज आहे, चुकत असेल तर सांगा. हातात साधारण एक वर्ष आहे आणि मिस्टरांचा दिवाळी बोनस आहे, तो पूर्ण नाही पण अर्धा तरी ट्रिपला देता येईल.

आता प्रश्न. मला घरून काहीतरी करायचंय. मला फॉल-पिको येतं, मशीन आहे. आईंचं माहेर जळगावकडचं, त्यांच्या हातचं भरीत, बिबडे (ज्वारीचं पीठ शिजवून थापून वाळवलेले), उडदाचे पापड, मांडे, काय सांगू, आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की आईंना बोलावणं येतं. मला वाटतं त्यांच्या पदार्थांच्या ऑर्डर घ्याव्या. पण किती पैसे लावायचे, कुठलं लायसन लागतं का, आणि आलेले पैसे घरखर्चात विरघळून जाऊ नयेत म्हणून काय करायचं हे काहीच कळत नाहीये. शिवाय व्हॉट्सॲपवर एक मेसेज आलाय, घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना ३० हजार, आधी ६५० रुपये रजिस्ट्रेशन. माझी बहीण म्हणते भर. खरं असतं का असं काही?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी खरंखरं सांगा, कौतुक नको.

फॉलपिको_पुणे

मनूताई, सगळ्यात आधी ते ६५० रुपये अजिबात भरू नका. पेन्सिल पॅकिंगचं काम घरी देतो म्हणणारे हे मेसेज कित्येक वर्षं फिरतायत. पेन्सिली कारखान्यातच मशीनवर पॅक होतात, त्या तुमच्या घरी पाठवून परत न्यायला ट्रकभाडं कोण देणार? आधी रजिस्ट्रेशन, मग आयकार्डचे पैसे, मग डिलिव्हरीवाला रस्त्यात अडकलाय त्याचे पैसे, असं ते वाढत जातं. तसंच टेलिग्रामवर व्हिडीओ लाइक करायचं काम, त्यात सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच येतात आणि म्हणूनच माणूस फसतो, नंतर मोठा टास्क म्हणून तुमच्याकडूनच हजारो भरून घेतात. काम देणारा तुमच्याकडून आधी पैसे मागतोय म्हटल्यावर ते काम नाहीच हे पक्कं धरा. बहिणीने भरले असतील तर लगेच १९३० ला फोन करायला सांगा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आता फॉल-पिकोबद्दल. मी स्वतः हेच करते. पैसे रोजचे येतात पण थोडे थोडे येतात, एका साडीमागे जे मिळतं ते बघितलं तर नुसत्या त्यावर केरळ गाठायला फार साड्या लागतील. लग्नसराईत मात्र चांगलं चालतं, आणि त्यात एक सोय अशी की काम खराब होत नाही, रात्री दहाला थांबलं तरी सकाळी साडी तिथंच असते. खाण्याच्या ऑर्डरीत तसं नाही. म्हणून माझं म्हणणं, पिको बंद करू नका, ते आठवड्याच्या मधल्या दिवसांत चालू द्या. शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सांगून ठेवा, त्यांच्याकडे पिकोला वेळ नसतो, त्या तुमच्याकडे पाठवतील.

खान्देशी_काकू

मनू बेटा, मी भुसावळची, आता ठाण्यात असते, गेली काही वर्षं हिवाळ्यात भरीत आणि उन्हाळ्यात वाळवण करून विकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट पैशाची नाही. तू लिहिलंस की आईंच्या पदार्थांच्या ऑर्डर घ्याव्या. त्यांना विचारलंस का? नावेत बसायचंय का हे विचारलंस ते कळलं, पण ६८ व्या वर्षी दर रविवारी किलोकिलोनं वांगी भाजायचीत का हे विचारलंस का? हात त्यांचा, चव त्यांची, आणि कंबरही त्यांचीच दुखणार. मी रागवत नाहीये, पण आमच्याकडे मी हे फार बघितलंय. सुनेच्या नावाने बिझनेस असतो, स्टेटसवर फोटो सुनेचे असतात आणि म्हातारी पहाटे चारला उठून डाळ वाटत असते. त्यांना समोर बसवून विचार की आई तुम्ही यातलं काय कराल, काय नाही करणार. त्या शिकवतील आणि चव बघतील, थापणं-लाटणं-भाजणं तू कर. आणि ट्रिपच्या पैशातून वेगळे, त्यांचे असे थोडे पैसे दर वेळी त्यांच्या हातात दे. बघ त्यांना किती बरं वाटतं.

आता धंद्याचं. तुझ्या यादीतलं सगळं एकदम करू नकोस. मांडे सोड, खापरावर मांडे टाकणं हे एकट्या बाईचं काम नाही आणि ते गरम असतानाच खायचे, पार्सलचा तो पदार्थच नाही. हिवाळ्यात भरीत धर आणि उन्हाळ्यात पापड-बिबडे. दोन्हीचे सीझन वेगळे आहेत त्यामुळे एकावर एक येत नाहीत, आणि पावसाळ्यात तुला आराम.

भरीताचं सांगते. वांगं ते जळगावकडचंच पाहिजे, हिरवं, मोठं, कमी बियांचं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय मानांकन (त्या भागाचाच खास माल अशी सरकारी ओळख) आहे हे गिऱ्हाइकाला सांग, पण खरंच तिकडचं आणत असशील तरच सांग. नाशिकला हिवाळ्यात ती येतात, नाही तर गावाकडून येणाऱ्या कुणाकडून मागव. आपल्याकडे पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या काड्यांवर) भाजतात आणि खरी चव त्या धुराचीच आहे, सिडकोत पुढे अंगण असेल तर शेगडीवर कोळशावर भाज, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव म्हणजे धुरावरून बोलाचाली नको. वांग्याला भाजायच्या आधी सुरीने चार ठिकाणी टोच, नाही तर फुटतं. पूर्ण काळं होऊन देठापर्यंत मऊ पडलं पाहिजे, देठाजवळ बोट दाबून बघायचं, तिथं कडक लागलं म्हणजे आत कच्चं आहे. भाजलं की झाकून ठेव, साल आपसूक सुटते. साल काढताना पाण्यात बुडवू नको, धुराचा वास सगळा त्या पाण्यात जातो. हिरवी मिरची आणि लसूण भाजूनच ठेचायची, मग वांगं ठेचून वर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, तेलाची फोडणी. मिक्सरला हात लावू नको.

ऑर्डर फक्त रविवारची. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं, अर्धे पैसे आधी, रविवारी अकरा ते एक या वेळात घरून घेऊन जायचं. शनिवारी रात्री कुणी म्हणालं अजून किलो होईल का, तर नाही म्हणायचं. सुरुवातीला नाही म्हणायला जड जातं पण तेच तुला टिकवतं. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी किंवा पुऱ्या दे, त्याचे पैसे वेगळे लाव, भरीताच्या दरात घुसडू नको.

बिबड्यांचं नंतर लिहीन, हात दुखला टाइप करून. फक्त एवढं की बिबडे थापायचे त्या दिवशी शेजारच्या दोघी-तिघींना बोलाव आणि त्यांना तेल घालून गरम घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) खायला घाल, तो खायच्या निमित्ताने बायका येतात आणि बघता बघता खाट भरते.

हिशेबी_माणूस

काकूंनी करायचं कसं ते सांगितलंय, मी किमतीचं लिहितो कारण घरगुती पदार्थ विकणारे बहुतेक जण तिथेच मार खातात. बाजारात अमुक भाव आहे म्हणून आपण त्याहून वीस रुपये कमी लावू, असं करायचं नाही. खाली जे आकडे देतोय ते अंदाजाचे आहेत, तुमच्याकडचे भाव घालून परत करा.

भरीत, किलोचा हिशेब. वांगी ७० रुपये. भाजून सोलून किलोची पाऊण किलोच्या आतच उरतात, त्यात बाकी साहित्य पडून भरीत किलोच्या आसपास जातं, पहिल्या दिवशी काट्यावर घालून बघाच. शेंगदाणे, तेल, पात, मिरची, लसूण, कोथिंबीर मिळून ६० धरा. कोळसा-गॅस आणि डबा २०. म्हणजे १५० लागले. ३०० ला विकलं तर १५० उरतात. रविवारी १० किलो गेलं तर दीड हजार. थंडीचे तीन महिने, मध्ये एखादा रविवार लग्न-आजारपणात गेला असं धरून सोळा ते अठरा हजार होतात. हे शक्य आहे आणि यात माणूस मोडत नाही.

आता उडदाचे पापड बघा. डाळ १३०-१४०, दळण, पापडखार, मिरी, हिंग, तेल मिळून ७०-८०, लाटायला बायका लावल्या तर त्यांची मजुरी १०० च्या घरात, पिशवी-लेबल २०. म्हणजे ३३० ला गेला. ४५० ला विकला तर किलोमागे १२० सुटले. आता ताईंचे ७५ हजार याला १२० ने भागा. सहाशे किलोच्या वर पापड! एका घरातून एका उन्हाळ्यात हे होत नाही, आणि करायला गेलात तर केरळला जायच्या ऐवजी अंथरूण धराल.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जोडकामातून पूर्ण ट्रिप काढायचं डोक्यातून काढा. ३० हजारांचं टार्गेट ठेवा, भरीतातून १६-१८, वाळवणातून ७-८, उरलेले पिकोतून. त्यात जाण्यायेण्याची तिकिटं आणि राहण्याचा बराचसा भाग निघतो. बाकीचे बोनस आणि दर महिन्याची छोटी बचत यातून. दोन हजार महिना आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं ठेव खातं) लावलीत तर वर्षात २४ हजार आणि वर थोडं व्याज.

आरडीवरून महत्त्वाचं. पोस्टात जाऊन आरडी उघडू नका. पोस्टाची योजना चांगली आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. तुम्हाला पैसे वर्षात लागणार आहेत. बँकेत १२ महिन्यांची आरडी मिळते ती घ्या, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी तारीख घाला. ऑर्डरींचे पैसे मात्र आरडीत टाकू नका कारण ते दर महिन्याला सारखे येणार नाहीत. त्याच्यासाठी तुमच्या नावाचं वेगळं बचत खातं आणि त्याचाच क्यूआर कोड गिऱ्हाइकांना द्या. त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा, पर्समध्ये नको. घरखर्चाच्या खात्यात आले की ते पैसे दूध आणि किराण्यात गेले म्हणून समजा, याला कुणीच अपवाद नाही. आणि पुढच्या रविवारच्या सामानाचे पैसे त्याच खात्यातून काढायचे, मिस्टरांच्या पगारातून नाही, तरच खरं काय सुटतंय ते कळेल.

लायसन म्हणाल तर खाण्याचा पदार्थ विकताय म्हटल्यावर घरगुती असलं तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला बेसिक रजिस्ट्रेशन असतं, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतं, फोटो आणि ओळखपत्र-पत्त्याचा पुरावा लागतो. आमच्या घरचं केलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. एजंट लोक त्याचे दोन-तीन हजार सांगतात, गरज नाही. चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर घाला, सोबत तयार केल्याची तारीख आणि वजन.

एसटीप्रेमी_साताराकर

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा आहे, पण मला एक विचारायचंय की केरळच का? ताई, पाच जणांचं कुटुंब, त्यात दोन बायका आणि एक लहान मूल. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धं तिकीट. म्हणजे पाचातल्या तिघांचं भाडं अर्धं. मुलगी पण महिला सवलतीत धरलीत तर चौघांचं. आजी ७५ च्या झाल्या की फुकट. तारकर्लीला जा, खाडी आहे, होडी आहे, माडांची रांग आहे, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, मालवणात जेवण आहे. जेवढं जोडकाम करून केरळ होणार त्याच्या निम्म्यात हे होईल आणि त्या माउलीला कोळशासमोर बसायला नको. मला वाटतं घरच्यांना वर्षभर राबवून मग चार दिवस फिरवण्यापेक्षा झेपेल तेवढं लांब जावं.

फॉलपिको_पुणे

@साताराकर दादा, तुमचा मुद्दा पैशाच्या बाजूने बरोबर आहे पण एक सांगू का, झेपेल तेवढंच बघायचं म्हणत म्हणत बायकांची आख्खी आयुष्यं माहेर-सासर-देवदर्शन यातच जातात. आईंनी स्वतःच्या तोंडाने काही मागितलंय, तेही या वयात, तर त्यांना जवळची दुसरी होडी दाखवणं मला पटत नाही. तारकर्ली सुंदरच आहे, पण ती पुढच्या वर्षी. या वेळी त्यांनी जे म्हटलंय तेच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आणि राबण्याचं म्हणाल तर वांगी आणणं, कोळसा पेटवणं, डबे मोजणं, गिऱ्हाइकाला फोन करणं हे मिस्टर आणि मुलांनी करायचं. मनूताई, हे आधी ठरवून घ्या. ट्रिप पाच जणांची आहे तर रविवारची सकाळ पण पाच जणांची.

खान्देशी_काकू

पिकोवाल्या ताईंशी मी शंभर टक्के सहमत.

बिबड्यांचं राहिलं होतं ते लिहिते. ज्वारी भिजवून, धुऊन, वाळवून, जाडसर दळून घ्यायची, मग मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, जिरे, तीळ, मीठ घालून घाटा शिजवायचा. हा घाटा हाटणं हे ताकदीचं काम आहे, ते आईंना देऊ नको, मिस्टरांना दे. घाटा गरम असतानाच ओल्या धोतरावर थापायचा, हात पाण्यात बुडवत बुडवत, थंड झाला की चिरा पडतात. आईंनी खुर्चीवर बसून फक्त मीठ आणि शिजल्याचा अंदाज बघायचा. होळीच्या आसपास सुरू कर, ऊन कडक होतं आणि वळीव पावसाची भीती अजून नसते.

पाठवताना मात्र काळजी. बिबडे फार तुटतात. पुण्या-मुंबईला पाठवायचे तर पिशवीत नाही, पुठ्ठ्याच्या कडक खोक्यात उभे न ठेवता आडवे रचून, वरची पोकळी कागदाने गच्च भरून. वर्तमानपत्राचा कागद पदार्थाला लागू देऊ नको, त्याची शाई चांगली नाही. कुरियरचा खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा हे आधीच लिहून सांग. जो चुरा पडेल तो फेकू नको, कच्चं तेल आणि कांदा घालून खायला लोक मागून नेतात, कमी भावात दे.

गिऱ्हाइकांसाठी एक सुचवते. नाशिकमध्ये खान्देशातली माणसं खूप आहेत, सातपूर-अंबडला नोकरीला आलेली. त्यांना भरीत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मिस्टरांच्या कंपनीतूनच सुरुवात कर. गंगापूर रोडला डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शनं भरतात, तिथं स्टॉलचं भाडं बरंच असतं, पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नको.

नाशिकची_मनू

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं.

बहिणीने पैसे भरले नव्हते, भरणारच होती, नंबर ब्लॉक केलाय. काकू, तुमचं म्हणणं अगदी खरं होतं, आईंना मी नीट विचारलं नव्हतं. काल विचारलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या भरीत करू, बिबडे करू, पण पापड नाही लाटणार, मनगट दुखतं. आणि रविवारी दहा किलोच्या वर एक वांगंही भाजायचं नाही. आणि त्यांच्या पैशाचं सांगितलं तर म्हणाल्या मला कशाला पैसे, पण पाच मिनिटांनी स्वतःच विचारलं की त्यातून मला माझ्या बहिणीला केरळहून साडी आणता येईल का. म्हटलं तुमचेच पैसे, काय वाटेल ते आणा.

साताराकर दादा, तुमचं तारकर्लीचं लिहून ठेवलंय, खरंच.

काम वाटून घेतलंय. मिस्टर शनिवारी मार्केटमधून वांगी आणणार आणि कोळसा पेटवणार, मुलीने वहीत ऑर्डरी लिहायच्या आणि पैसे आले की टिक करायची, धाकटा डब्यांवर लेबल चिकटवणार. बँकेत सोमवारी जाते, खातं आणि आरडी दोन्ही. पापड नाहीत म्हटल्यावर टार्गेट २५ हजार केलंय, बाकीचं केरळमध्ये एक दिवस कमी करून बसवू.

आता शेवटचा प्रश्न, ट्रेनचा. नाशिकरोडहून सरळ गाडी आहे का, तिकीट कधी काढायचं, आणि आईंना खालचा बर्थ मिळायलाच हवा, त्यांचे गुडघे वर चढू देणार नाहीत. ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते ना?

रेल्वेवेडा_मनमाड

ताई, याचं उत्तर मी देतो.

गाडी आहे, मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस, निजामुद्दीन ते एर्नाकुलम, नाशिकरोडला थांबते आणि कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेने जाते. त्यामुळे मुंबईला जाऊन गाडी बदलायची भानगड नाही. आधी मुन्नार करणार असाल तर एर्नाकुलमपर्यंत जाऊ नका, त्याच्या आधी आलुवा लागतं तिथं उतरा, मुन्नार तिथून जवळ पडतं, साधारण ११० किलोमीटर. परतीचं मात्र एर्नाकुलमहूनच काढा, गाडी तिथूनच सुटते त्यामुळे सामान लावायला वेळ मिळतो.

ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही, त्यामुळे आजींचं पूर्ण तिकीट धरा. मुलाचं वय पाच ते अकरा असेल तर बर्थ न घेता अर्धं तिकीट, बर्थ घेतला तर पूर्ण. एवढ्या लांबच्या प्रवासात बर्थ घ्याच, म्हणजे हिशेबात पाचही तिकिटं पूर्ण. स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात साधारण अडीच पटीचा फरक पडतो. नोव्हेंबरात उकाडा कमी असतो, जाताना स्लीपर आणि येताना दमलेले असाल म्हणून थ्री एसी, असं पण करता येतं.

रिझर्वेशन प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलेत. दिवाळीचं म्हणजे सकाळी आठला बसायलाच पाहिजे, पाचही जणांची नावं आणि वयं रेल्वेच्या आयआरसीटीसी ॲपमध्ये मास्टर लिस्टला आधीच भरून ठेवा, आधार पण जोडून घ्या. तत्काळच्या भरवशावर राहू नका, पाच बर्थ एकत्र मिळणं अवघड.

खालच्या बर्थचं नीट ऐका. लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, ६० वर्षांच्या वरचे पुरुष आणि ४५ वर्षांच्या वरच्या बायका यांच्यासाठी, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि दोघेही त्या वयात बसत असतील तरच. पाच जणांच्या एका तिकिटावर आजींचं वय ६८ घातलं तरी तो कोटा लागत नाही, सिस्टिम जमलं तर देते नाही तर नाही. आजींचं एकटीचं तिकीट त्या कोट्यातून काढलंत तर खालचा बर्थ जवळपास पक्का, पण डबा वेगळा येऊ शकतो आणि रात्री त्यांना एकटं बसवणं बरं नाही. म्हणून मी काय करतो ते सांगतो. पाचही जणांचं एकच तिकीट, आणि बुकिंग करताना खाली एक पर्याय असतो, किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा असा, तो टिक करायचा. सकाळी आठच्या ठोक्याला काढलंत तर एक काय दोन पण मिळतात. नाही मिळाला तर ते बुकिंग होतच नाही, मग लगेच दुसरी तारीख टाकायची, म्हणून तारखा दोन तरी हाताशी ठेवा.

बॅकवॉटरसाठी अलप्पुळाला (अलेप्पीला) गेलात की हाउसबोटवर रात्रभर राहायचा आग्रह एजंट करतील, ट्रिपमधला सगळ्यात मोठा खर्च तोच. आजींना नावेत बसायचंय ना, तर अलप्पुळाहून कोट्टयमला केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट जाते, अडीच तासांच्या आसपास लागतात, तिकीट अगदी किरकोळ. तिथली माणसं रोजच्या कामाला त्याच बोटीने जातात, दोन्ही बाजूंना घरं, भातशेती, बदकं सगळं दिसतं. सकाळची बोट धरा, कारण त्या दिवसांत तिकडे परतीचा पाऊस असतो आणि तो बहुतेक दुपारनंतर येतो. बसायला बाकडी असतात, चढताना धाकट्याला आजींचा हात धरायला सांगा आणि कडेची जागा त्यांना द्या.